आयर्न चालू आहे पण हिमोग्लोबिन हलतच नाही : एका लहान मुलीची केस

आधीच सांगून टाकतो, ही केस कुणा एका खऱ्या मुलीची नाही. आयर्न देऊनही हिमोग्लोबिन न वाढणाऱ्या एका दुर्मिळ जन्मजात आजाराच्या ज्या केसेस छापून आल्यात त्यांच्यात जे परत परत दिसतं त्यावरून जुळवलीय, आकडेही त्याच पट्ट्यातले घेतलेत. रिपोर्ट समोर असला की विचार कसा पुढे सरकतो ते दाखवता येतं, नुसती थिअरी लिहिली की वाचणारा दुसऱ्या परिच्छेदातच गळतो.

तर मुलगी सव्वादोन वर्षांची, वजन साडेअकरा किलो. ताप आला म्हणून रक्त तपासलं, ताप दोन दिवसात उतरला पण रिपोर्टमधे हिमोग्लोबिन ७.६ निघालं. २४ ते ५९ महिन्यांच्या मुलांमधे ११ च्या खाली असेल तर अ‍ॅनिमिया धरतात, ६ ते २३ महिन्यांसाठी डब्ल्यूएचओने २०२४ मधे तो आकडा १०.५ केलाय, म्हणजे कुठल्याही मापाने ७.६ कमीच. पण पोरगी बघितली तर खेळतेय, पळतेय, जिन्यावरून उड्या मारतेय, वजन उंची वयाप्रमाणे. फक्त थोडी पांढुरकी दिसते आणि तेही कुणी म्हटल्यावर लक्षात येतं. आईचा पहिला प्रश्न तोच, "डॉक्टर, हिला काही होतंय असं वाटतच नाही, रिपोर्ट चुकला नाही ना?" रिपोर्ट चुकला नव्हता. हळूहळू आणि बरेच महिने कमी होत गेलेल्या हिमोग्लोबिनची शरीराला सवय होते, लहान मुलांना तर फारच, त्यामुळे मूल मस्त खेळतंय यावरून काहीही ठरवता येत नाही.

आयर्नचं सिरप सुरू झालं. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ७.८. मग कंपनी बदलली, चव चांगली असलेलं दुसरं सिरप, अजून तीन महिने. ७.७. मधे एका ठिकाणी फेरिटिन (आयर्नच्या साठ्याचा अंदाज देणारी टेस्ट) केलं ते ४८ आलं, तेव्हा सांगितलं गेलं की फेरिटिन नॉर्मल आहे म्हणजे आयर्न भरपूर आहे, सिरप बंद करा, हा थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा सौम्य, आईबाबांकडून येणारा दोष, यालाच ट्रेटही म्हणतात) असेल. आणि रिपोर्ट बघितला तर तसं वाटायला जागाही होती कारण एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ५४ आणि लाल पेशींचा काउंट ४७ लाख, एमसीव्हीला काउंटने (दशलक्षात) भागायचं, ५४ भागिले ४.७ म्हणजे साडेअकरा. याला मेंत्झर इंडेक्स म्हणतात आणि १३ च्या खाली आला की थॅलेसेमिया ट्रेटकडे बोट दाखवतो. हिमोग्लोबिनचे प्रकार तपासणारी एचपीएलसी टेस्ट झाली, ती नॉर्मल. आता घरच्यांची अवस्था बघा, एक म्हणतो आयर्न कमी, दुसरा म्हणतो आयर्न भरपूर, तिसरा म्हणतो थॅलेसेमिया, टेस्ट म्हणते थॅलेसेमिया नाही. इथे ही मुलगी रक्तविकारांच्या डॉक्टरांकडे पोचली, वय तोवर पावणेतीन, वजन साडेबारा किलो.

तिथे पहिल्या दिवशी नवीन टेस्ट कुठलीच झाली नाही. जुन्या बाटल्या घेऊन या म्हणाले. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते कारण "आयर्नला दाद देत नाही" असं लिहून आलेल्या मुलांपैकी बहुतेकांच्या बाबतीत आयर्न पोटात नीट गेलेलंच नसतं. औषध थुंकलेलं असतं, आठवड्यातून तीनदाच दिलेलं असतं, डोस अर्धा असतो. आणि डोस अर्धा होण्याचं एक ठरलेलं कारण म्हणजे मिठाचं (म्हणजे आयर्नच्या संयुगाचं) वजन आणि त्यातल्या नुसत्या म्हणजे एलिमेंटल आयर्नचं वजन यातला गोंधळ. फेरस सल्फेटमधे साधारण २० टक्के एलिमेंटल आयर्न असतं, फ्युमरेटमधे ३३ टक्के, ग्लुकोनेटमधे १२ टक्के. हिच्या पहिल्या बाटलीत ५ मिलीत १०० मिलिग्रॅम फेरस फ्युमरेट होतं आणि डोस दिवसाला अडीच मिली. म्हणजे ५० मिलिग्रॅम मीठ, त्यातलं खरं आयर्न साडेसोळा मिलिग्रॅम, साडेअकरा किलोला भागलं तर किलोमागे १.४ मिलिग्रॅम. हवं किती? किमान ३. कागदावर तीन महिने ट्रीटमेंट झाली पण प्रत्यक्षात अर्ध्याहून कमी.

दुसरी बाटली पॉलिसॅकराइड कॉम्प्लेक्सची, म्हणजे साखरेसारख्या पदार्थात बांधलेल्या आयर्नची, डोस बरोबर पण दुधाच्या बाटलीत मिसळून दिलेली. आणि दूध दिवसाला ७०० ते ८०० मिली. दुधात आयर्न जवळजवळ नसतंच, वर त्यातलं कॅल्शियम आणि केसीन दुसरीकडून आलेलं आयर्न शोषू देत नाहीत, पोट भरलेलं राहतं म्हणून मूल जेवत नाही, आणि काही मुलांना गाईच्या दुधातल्या प्रोटीनमुळे आतड्यातून डोळ्याला न दिसणारं रक्तही जात राहतं. तीन चार कारणं एकाच बाटलीत. त्या पॉलिसॅकराइडवरूनही एक सांगतो, २०१७ मधे एक चांगली ट्रायल छापून आली, ९ ते ४८ महिन्यांची ८० मुलं, एका गटाला रोज एकदा साधं फेरस सल्फेट, दुसऱ्याला पॉलिसॅकराइड कॉम्प्लेक्स, दोन्हीकडे किलोमागे ३ मिलिग्रॅम. १२ आठवड्यांनी सल्फेटवाल्यांचं हिमोग्लोबिन ७.९ वरून ११.९ झालं, दुसऱ्यांचं ७.७ वरून ११.१. म्हणजे जुनं, धातूच्या चवीचं, दात काळे करणारं सल्फेटच पुढे निघालं. महागडं आणि गोड म्हणजे भारी हा समज जायला वेळ लागेल.

इथे केस संपली असं कुणालाही वाटेल. कारण सापडलं, डोस कमी, दूध जास्त. मलाही हे वाचताना पहिल्यांदा तसंच वाटेल. पण मग दुरुस्ती करून बघायचं आणि मोजायचं, हे त्या डॉक्टरांनी केलं. फेरस सल्फेटचे ड्रॉप्स, रोज एकदाच, ३७ मिलिग्रॅम एलिमेंटल आयर्न, सकाळी उपाशीपोटी, दुधापासून लांब, दूध ५०० मिलीच्या आत. ड्रॉप्स आई स्वतः देणार, आजीही नाही आणि दादाही नाही. शीचा रंग काळपट झाला का ते बघायचं, झाला तर औषध जातंय याचा तो बऱ्यापैकी पुरावा. झाला. एका आठवड्याने रेटिक काउंट केला, कारण आयर्न लागू पडत असेल तर ५ ते १० दिवसांत कोवळ्या लाल पेशी वाढलेल्या दिसतात, हिमोग्लोबिन वाढायची वाट बघावी लागत नाही. रेटिक आधी १.३ टक्के होता, आता १.४. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ७.७. इतक्या काळात किमान १ ग्रॅम तरी वाढायला हवं होतं, बहुतेक मुलांमधे त्याहून जास्तच वाढतं.

आता म्हणता येईल, दाद देत नाही. हा शब्द इथे पहिल्यांदा कमावला गेला, त्याआधीचे सहा महिने तो उधारीवर वापरला होता.

त्या दिवशीचा पूर्ण रिपोर्ट असा होता:

हिमोग्लोबिन ७.७, लाल पेशी ४७ लाख, एमसीव्ही ५४, एमसीएच (एका लाल पेशीतलं हिमोग्लोबिन) १६.४, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) २१, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट ठीक
सीरम आयर्न (रक्तात फिरणारं आयर्न) १४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर
टीआयबीसी (रक्ताची आयर्न वाहून न्यायची एकूण क्षमता) ३६५
ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ३.८ टक्के
फेरिटिन ४८
सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी टेस्ट) नॉर्मल

आता हे शांतपणे वाचा. या रिपोर्टमधे ज्या आकड्यासमोर लॅबने काहीच खूण केलेली नाही तोच सगळ्यात विचित्र आकडा आहे. फेरिटिन ४८. पाच वर्षांखालच्या मुलांमधे १२ च्या खाली फेरिटिन म्हणजे आयर्नचा साठा संपला, अंगात इन्फेक्शन किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढतं म्हणून तेव्हा ३० ची रेषा धरतात. ४८ दोन्हीच्या वर. पण त्याच सुईतून काढलेल्या रक्तात सॅच्युरेशन ३.८ टक्के आहे, म्हणजे रक्तात आयर्न वाहून नेणारी ट्रान्सफेरिनची गाडी जवळपास पूर्ण रिकामी धावतेय. साठा आहे म्हणतोय आणि रस्त्यावर माल नाही. साध्या कमतरतेत दोन्ही एकत्र तळाला जातात. इथे साठ्याच्या गोदामाला बाहेरून कुलूप लागलंय.

असं कुलूप दीर्घ आजारातही लागतं, संधिवात असेल, आतड्याची सूज असेल, जुनाट इन्फेक्शन असेल, तिथेही सॅच्युरेशन कमी आणि फेरिटिन बरं असं चित्र दिसतं. पण तिथे सहसा सीआरपी, ईएसआर बोलतात, आणि सूजेच्या अ‍ॅनिमियात एमसीव्ही ५४ पर्यंत सहसा उतरत नाही. हिच्या सगळ्या सूजेच्या टेस्ट गप्प. म्हणून फेरिटिन एकटं मागवणं मला पटत नाही. फेरिटिन, सॅच्युरेशन, सीआरपी हे त्रिकूट एकाच दिवशी एकाच रक्तातून हवं, नाहीतर "आयर्न भरपूर आहे" असा निकाल लागून औषध बंद होतं आणि सहा महिने जातात.

सॅच्युरेशनने अजून एक काम केलं, बाकीचे दुर्मिळ जन्मजात आजार बाजूला काढले. लहान पेशींचा अ‍ॅनिमिया असलेल्या मुलात सॅच्युरेशन उलट खूप वाढलेलं असेल तर विचार सायडरोब्लास्टिक अ‍ॅनिमियाकडे किंवा पेशीत आयर्न आत घेणाऱ्या डीएमटी-१ या प्रोटीनच्या दोषाकडे जातो, म्हणजे आयर्न पोचतंय पण पेशीला वापरता येत नाही. टीआयबीसीच एकदम तळाला असेल तर ट्रान्सफेरिनच बनत नसलेला अतिदुर्मिळ आजार. हिचं सॅच्युरेशन तळाला आणि टीआयबीसी ठीकठाक, म्हणजे गाडी आहे, पेशी मागतायत, पण आतड्यातून आणि साठ्यातून कुणी माल सोडत नाहीये.

तरी दुर्मिळ आजारावर उडी मारायच्या आधी साध्या गोष्टी संपवायच्या होत्या. आतड्यातून रक्त जात नाही ना, यासाठी शीची ऑकल्ट ब्लड टेस्ट वेगवेगळ्या दिवशी तीनदा, तिन्ही निगेटिव्ह, जंतही नाहीत. सीलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतडं बिघडतं त्या आजारासाठी टीटीजी आयजीए ही अँटिबॉडी टेस्ट आणि सोबत टोटल आयजीए, कारण काही मुलांमधे आयजीए मुळातच बनत नाही आणि मग टीटीजी खोटी निगेटिव्ह येते, ही जोडी न करता "सीलिअ‍ॅक नाही" असं लिहिलेलं दिसलं की ते कच्चं समजावं. दोन्ही ठीक. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूची शीतली अँटिजेन टेस्ट निगेटिव्ह. रक्तातलं शिसं नॉर्मल. लघवीत रक्त नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ. एक्स-रे कशाला असं विचाराल तर, फुफ्फुसात आतल्या आत रक्त झिरपत राहण्याचा एक आजार मुलांमधे असतो, पल्मोनरी हिमोसायडरोसिस, त्यात कधीकधी खोकल्याच्या खूप आधी फक्त आयर्नच कमी होत राहतं, आणि एवढंसं मूल रक्त थुंकत नाही, गिळतं. अशा मुलांमधे वारंवार "न्यूमोनिया" झाल्याची हिस्टरी मिळते. हिला एकदाही नव्हता.

मग ओरल आयर्न अ‍ॅब्झॉर्प्शन टेस्ट झाली. जरा विस्मरणात गेलेली पण छान टेस्ट आहे. एक दोन दिवस औषध बंद, सकाळी उपाशीपोटी सीरम आयर्न, मग किलोमागे ३ मिलिग्रॅम एलिमेंटल आयर्नचा एक डोस समोर बसून पाजायचा, दोन तासांनी परत सीरम आयर्न. ज्या मुलाला आयर्न कमी आहे आणि आतडं चांगलं आहे त्याचं शरीर ते हावरटासारखं खेचून घेतं, सीरम आयर्न १०० च्या वर उडी मारतं. हिचं १३ वरून १९ झालं. म्हणजे आईवर, डोसवर, दुधावर आता काही ढकलता येणार नाही, औषध डोळ्यासमोर पोटात गेलं आणि रक्तात आलं नाही. अर्थात ही सपाट रेष एवढंच सांगते की आत जात नाहीये, का जात नाही ते सांगत नाही, सीलिअ‍ॅकमधे किंवा पोटाच्या आतल्या आवरणाच्या आजारातही रेष सपाटच येते.

इथे एंडोस्कोपी करायची का यावर टीममधे दोन मतं पडली. एक म्हणाले रक्ताच्या टेस्टवर विसंबू नका, दुर्बीण घालून तुकडा घ्या. दुसरे म्हणाले मुलीचं वजन उंची उत्तम, पोटाची तक्रार शून्य, फेरिटिन ४८, आतडं खराब असतं तर साठा आधी रिकामा झाला असता, भूल देऊन एंडोस्कोपी करण्याआधी घरच्यांचं रक्त तपासू. मला दुसरं मत जास्त पटतं, फेरिटिनचा तो मुद्दा वजनदार आहे.

आईचं हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही नॉर्मल, बाबांचंही. त्यामुळे थॅलेसेमियाचा विषयही बऱ्यापैकी मिटला, कारण एचपीएलसीवर एकट्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, आयर्न खूप कमी असेल तर एचबीए-२ (बीटा ट्रेटमधे वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) खाली येऊन बीटा ट्रेट लपू शकतो आणि अल्फा ट्रेट तर त्या टेस्टमधे नेहमी दिसतोच असं नाही. आईबाबा दोघांच्याही पेशी अगदी नॉर्मल आकाराच्या, तर मुलीचा ५४ एमसीव्ही तिथून आलेला नाही. मग पाच वर्षांचा भाऊ. त्याची कुणी कधी टेस्टच केली नव्हती कारण तो कधी आजारी पडलाच नव्हता. त्याचं हिमोग्लोबिन ८.४, एमसीव्ही ५८, सॅच्युरेशन ५ टक्के, फेरिटिन ६०.

आईबाबा चांगले, दोन्ही मुलांना तोच त्रास, मुलगा मुलगी दोघांनाही. ऑटोसोमल रिसेसिव्ह, म्हणजे आईबाबा दोघांकडून जीनची एकेक बिघडलेली प्रत आली तरच होणाऱ्या आजाराचं हे पाठ्यपुस्तकी रूप. आणि या आजाराची पहिली नोंदसुद्धा अशीच भावंडांची आहे, १९८१ मधे अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी, बुकॅनन आणि शीहान यांनी, एकाच घरातल्या तीन भावंडांबद्दल लिहिलं होतं की यांना तोंडाने दिलेलं आयर्न शोषलं जात नाही आणि शिरेतून दिलेलंही नीट वापरलं जात नाही. तेव्हा कारण कुणालाच सांगता येणार नव्हतं कारण ज्या हार्मोनमुळे हे घडतं ते सापडलंच नव्हतं.

ते हार्मोन म्हणजे हेप्सिडिन, लिव्हरमधे बनतं, २००० च्या आसपास सापडलं. त्याचं काम अडवणं. पेशीतून आयर्न बाहेर पडायचा एकच दरवाजा आहे, फेरोपोर्टिन, आतड्याच्या पेशीतही तोच आणि जुन्या लाल पेशी मोडून आयर्न परत मिळवणाऱ्या मॅक्रोफेजमधेही तोच. हेप्सिडिन त्या दरवाजाला चिकटतं आणि पेशी तो दरवाजाच गिळून मोडून टाकते. आयर्न कमी पडलं की लिव्हरने हेप्सिडिन जवळजवळ शून्यावर आणायचं असतं, म्हणजे सगळे दरवाजे उघडतात. हे खाली आणण्याच्या कामात मॅट्रिप्टेज-२ नावाचं एक एन्झाइम लागतं, ते लिव्हरच्या पेशीवर बसून हेप्सिडिनला "बनव" असा निरोप देणाऱ्या हिमोज्युव्हेलिनला कापून टाकतं. या एन्झाइमचा जीन टीएमपीआरएसएस-६, बाविसाव्या क्रोमोसोमवर. आईकडून आणि बाबांकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर निरोप देणारा कापलाच जात नाही, आयर्न कितीही कमी असो हेप्सिडिन बनतच राहतं. २००८ मधे असा आजार असलेल्या कुटुंबांमधे या जीनमधला दोष सापडला आणि आजाराला नाव चिकटलं आयरिडा, म्हणजे आयर्न रिफ्रॅक्टरी आयर्न डेफिशियन्सी अ‍ॅनिमिया. त्याच वर्षी उंदरांमधेही हाच जीन सापडला, ती गोष्ट गमतीची आहे, त्या उंदरांच्या अंगावरचे केस गळून जायचे पण तोंडावरचे राहायचे, म्हणून त्यांना मास्क असं नाव दिलं होतं, आयर्न भरपूर दिलं की केस परत यायचे. मुलांमधे केसांचं असं काही होत नाही, काळजी नसावी.

हेप्सिडिन मोजलं तर ते लॅबच्या नॉर्मल पट्ट्यात आलं, वरच्या टोकाला पण नॉर्मल. रिपोर्ट घेऊन बाबा म्हणाले, "हे पण नॉर्मल आहे, मग आता?" आणि नेमकं हेच त्या केसचं उत्तर होतं. सॅच्युरेशन ३.८ असताना हेप्सिडिन मोजता येणार नाही इतकं कमी असायला हवं. नॉर्मल आलंय म्हणजे बिघडलंय. फेरिटिनसारखंच. ही टेस्ट सगळीकडे होत नाही आणि वेगवेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे आकड्यापेक्षा तो सॅच्युरेशनच्या शेजारी ठेवून वाचणं जास्त कामाचं.

जीन टेस्टमधे टीएमपीआरएसएस-६ मधे दोन वेगळे दोष, एक आईकडून एक बाबांकडून, भावातही तेच दोन. इथे एक इशारा, कारण हल्ली जीनचे पॅनल सरसकट होतात. या जीनमधला ए-७३६-व्ही नावाचा एक बदल अगदी सामान्य आहे, असंख्य धडधाकट लोकांमधे असतो, आयर्नची पातळी जराशी वरखाली करतो इतकंच. रिपोर्टमधे तो एकटा दिसला म्हणून आयरिडा झाला असं होत नाही. दोन्ही प्रतींमधला खरा दोष आणि सोबत असं रक्ताचं चित्र, दोन्ही हवं.

ट्रीटमेंटकडे येऊ. तोंडाचं आयर्न दुप्पट करून उपयोग नाही. साध्या कमतरतेत सुद्धा मोठा डोस दिला की हेप्सिडिन पुढचे २४ तास वर जातं हे तरुण स्त्रियांवरच्या अभ्यासात दिसलंय, इथे तर ते आधीच वर बसलंय. तोंडाचं आयर्न आणि सोबत व्हिटॅमिन सी यावर एखाद्या बाळाला बराच फायदा झाल्याची नोंद आहे, म्हणून काही डॉक्टर ते एकदा करून बघतात, पण बहुतेकांना पुरत नाही. मग शिरेतून. हिशोब असा, वजन गुणिले हिमोग्लोबिनमधली तूट गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी किलोमागे १५ मिलिग्रॅम. साडेबारा किलो, तूट ३.३, म्हणजे ९९, अधिक साधारण १८८, एकूण २८७ च्या आसपास. आयर्न सुक्रोज ६० मिलिग्रॅमचे पाच डोस, मधे काही दिवस सोडून, हळूहळू ड्रिपमधून. एका दमात मोठा डोस देता येणारं फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजही असतं पण त्याने रक्तातलं फॉस्फेट खाली येऊ शकतं, वाढत्या हाडांच्या वयात परत परत द्यायची वेळ येणार असेल तर ते लक्षात ठेवावं लागतं.

सहा आठवड्यांनी रिपोर्ट: हिमोग्लोबिन ९.३, एमसीव्ही ६०, सॅच्युरेशन ६.७ टक्के, फेरिटिन ३१०. (फेरिटिन शिरेतल्या डोसनंतर लगेच करू नये, निदान महिनाभर थांबावं, नाहीतर आकडा भलताच येतो.) सीलिअ‍ॅकसारखं आतड्याचं दुखणं असतं तर शिरेतून दिल्यावर हिमोग्लोबिन सरळ ११-१२ ला गेलं असतं कारण आतडं टाळलं की प्रश्नच संपतो. इथे अर्धवट वाढलं आणि फेरिटिन फुगलं. कारण शिरेतून दिलेलं आयर्नही आधी मॅक्रोफेज गिळतात आणि तिथून बाहेर यायचा दरवाजा तोच, फेरोपोर्टिन. थोडं थोडं सुटत राहतं म्हणून हिमोग्लोबिन काही प्रमाणात वाढतं.

आईबाबांना समजावणं औषधापेक्षा अवघड गेलं. आईला सगळ्यात आधी हेच विचारायचं होतं, "मी दूध जास्त देत होते म्हणून झालं का हे?" नाही. दुधाने अ‍ॅनिमिया होतो हे खरं, हिचा दुधाने झाला नव्हता. दुसरं, "अजून डोस द्या ना, १२ पर्यंत न्या." तिथे डॉक्टर ठाम राहिले आणि बरोबर राहिले. आकडा नॉर्मलला न्यायचा हट्ट धरला तर आयर्न रक्तात कमी आणि साठ्यात जास्त होत जाईल, लिव्हरवर ओझं. म्हणून फेरिटिन साधारण ५०० च्या वर जाऊ द्यायचं नाही, मूल वाढतंय, खेळतंय, ९ च्या आसपास हिमोग्लोबिन राहतंय तर ते चालवून घ्यायचं. या मुलांची वाढ बहुतेक वेळा चांगलीच होते, वय वाढेल तसा अ‍ॅनिमिया जरा सौम्यही होतो, पेशी मात्र लहानच राहतात आणि सॅच्युरेशन कमीच. पुढच्या प्रत्येक बाळाला हा आजार असण्याची २५ टक्के शक्यता, हेही सांगितलं.

सहा महिन्यांनी तिचं हिमोग्लोबिन ९.०, फेरिटिन १९० वर उतरलेलं. नवीन कोर्स दिला नाही. फाइलच्या पहिल्या पानावर आजाराचं नाव, जीनचा रिपोर्ट आणि दोन ओळी: हिमोग्लोबिन कमी दिसलं म्हणून आयर्नचं सिरप किंवा रक्त आपणहून सुरू करू नये, आधी फेरिटिन आणि सॅच्युरेशन बघावं. कारण पुढे कुठेतरी तापासाठी अ‍ॅडमिट झाली की नवा डॉक्टर ७०-८० टक्के खात्रीने सिरपच लिहिणार.

भावाचं अजून ठरलेलं नाही. ८.४ आहे, तक्रार काहीच नाही, शाळेत ठीक चाललंय. बाबा म्हणतात सुया नकोत, आई म्हणते एकदा देऊन बघू, कदाचित तो जितका पळतो त्याहून जास्त पळू शकत असेल आणि आपल्याला माहीतच नसेल. डॉक्टरांनी एक कोर्स देऊन तीन महिने वागण्यात, खेळण्यात फरक पडतो का ते बघू असं सुचवलंय, फरक नाही पडला तर परत द्यायचं नाही.